उताऱ्याचा नकाशा

मक्याचे कणीस सोलून दाण्यांच्या ओळी मोजल्या तर त्या बारा भरतात, चौदा भरतात, सोळा भरतात. तेरा किंवा पंधरा सहसा भरत नाहीत. कणीस अगदी सूक्ष्म असताना त्याच्या अंगावर जे उंचवटे उठतात, त्यांतला प्रत्येक पुढे दुभंगतो आणि दोन्ही भागांचा एकेक दाणा होतो. म्हणून ओळी वाढल्या तरी जोडीनेच वाढतात. ही संख्या पिढीतून पिढीत कशी उतरते, याचा माग काढण्यासाठी जॉर्ज हॅरिसन शल हा तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५च्या सुमारास अमेरिकेतल्या लाँग आयलंडवर, कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे मका पेरत होता. कार्नेगी संस्थेने उत्क्रांतीच्या प्रायोगिक अभ्यासासाठी तिथे नुकतेच एक केंद्र उघडले होते. मेंडेलचे नियम पुन्हा उजेडात येऊन जेमतेम पाच वर्षे झाली होती.

उत्पादन वाढवणे हा शलचा हेतू नव्हता. त्याला फक्त ओळी मोजायच्या होत्या. पण मोजणी नीट व्हायची तर झाडाचे आईबाप नक्की ठाऊक हवेत, आणि मका त्या बाबतीत अवघड पीक. शेंड्यावरचा तुरा नर, मधल्या पेरावरचे कणीस मादी. तुऱ्यातला पराग वाऱ्यावर उडतो आणि शेजारच्या, पलीकडच्या, कोणत्याही झाडाच्या कणसावर जाऊन पडतो. कणसाच्या टोकातून बाहेर येणारा प्रत्येक केस एकेका दाण्याचा असतो, त्यामुळे एकाच कणसावरच्या दाण्यांचे बाप शेकडो असू शकतात. शलने तुऱ्यांवर आणि कणसांवर कागदी पिशव्या बांधल्या आणि प्रत्येक झाडाचा पराग त्याच झाडाच्या केसांवर झटकला. हे काम त्याने वर्षामागून वर्षे केले.

असे करता करता झाडे खुजी झाली, कणसे बारीक झाली. मात्र एकेका कुळातली सगळी झाडे आता एकमेकांसारखी दिसू लागली होती. मग त्याने अशी दोन खुरटलेली कुळे एकमेकांशी फळवली आणि निघालेले झाड मूळ वाणाच्या तोडीचे, कधी त्याहून सरस निघाले. जानेवारी १९०८मध्ये वॉशिंग्टनला पैदासकारांच्या सभेत त्याने मांडले, की शेतातला साधा मका म्हणजे असंख्य संकरांची सरमिसळ आहे आणि पैदासकाराने शोधायचे ते उत्तम कणीस नव्हे, उत्तम जोडी. पुढच्याच वर्षी त्याने त्याची पद्धतही सांगितली: आधी कुळे शुद्ध करा, मग त्यांचे संकर करून पाहा.

त्याच काळात कनेक्टिकटमध्ये एडवर्ड मरे ईस्ट कणसांची लांबी मोजत होता. त्याने ‘टॉम थंब’ नावाचा लाह्यांचा मका घेतला. त्याचे कणीस पाच ते आठ सेंटिमीटर. दुसरा घेतला ‘ब्लॅक मेक्सिकन’ हा गोड मका, कणीस तेरा ते एकवीस सेंटिमीटर. दोघांच्या संकराची कणसे मधल्या लांबीची आली आणि बरीचशी सारखी. पण त्या संकराची पुढची पिढी पेरली तेव्हा आखूडापासून लांबापर्यंत सगळ्या मापांची कणसे निघाली. लांब आणि आखूड असे दोन कप्पे पडलेच नाहीत. मेंडेलच्या वाटाण्यात उंच आणि बुटके असे सरळ दोन गट पडत. इथे सलग चढण होती. ईस्ट आणि नेब्रास्काचा रॉलिन्स इमर्सन यांनी १९१३मध्ये या मोजणीचा अर्थ लावला. कणसाची लांबी, ओळींची संख्या, झाडाची उंची हे गुण एका जनुकाचे नसतात. त्यांच्यामागे अनेक जनुके असतात, प्रत्येकाचा वाटा लहान असतो आणि त्या सगळ्यांची बेरीज मिळून माप ठरते. स्वीडनमध्ये निल्सन-एह्ले गव्हाच्या दाण्याच्या रंगावरून याच निष्कर्षाला आला होता.

उत्पादन हा तर असल्या सगळ्या मापांचा गुणाकार. एकरी झाडे किती, झाडाला कणसे किती, कणसाला ओळी किती, ओळीत दाणे किती, दाण्याचे वजन किती. म्हणजे १९१३ सालीच कळले होते, की उताऱ्यामागे जनुके पुष्कळ आहेत. ती किती आणि कुठे, हे विचारायचे धाडस व्हायला पुढे सत्तर वर्षे लागली.

मधल्या काळात पैदासकार थांबले नाहीत. शुद्ध कुळांच्या खुरटलेल्या झाडांवर बियाणे इतके थोडे येई, की संकरित बी शेतकऱ्याला परवडणार नव्हते. ईस्टचा विद्यार्थी डोनाल्ड जोन्स याने १९१७-१८च्या सुमारास तोडगा काढला. चार शुद्ध कुळांपासून आधी दोन संकर करायचे आणि मग त्या दोन जोमदार संकरांचा पुन्हा संकर करायचा. बी भरघोस येऊ लागले. हेन्री वॉलेस याने १९२६मध्ये आयोवात संकरित मक्याच्या बियाण्याची कंपनी काढली. १९३३मध्ये अमेरिकेतल्या मक्याखालच्या जमिनीपैकी एक टक्काही संकरित नव्हती. १९४३पर्यंत निम्म्याहून अधिक जमीन संकरित बियाण्याखाली आली. १८६०च्या दशकापासून १९३०च्या दशकापर्यंत अमेरिकेचा सरासरी उतारा एकरी सहा-साडेसहा क्विंटलच्या आसपास घुटमळत होता. आज तो चाळीस क्विंटलच्या वर आहे. भारतात मक्याचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प १९५७मध्ये सुरू झाला आणि १९६१मध्ये ‘गंगा १’, ‘गंगा १०१’, ‘रणजित’ आणि ‘डेक्कन’ हे पहिले संकर बाहेर पडले. आज खानदेशात, नाशिककडे किंवा मराठवाड्यात खरिपाला शेतकरी मक्याच्या संकरित बियाण्याची पिशवी विकत आणतो, तिची वंशावळ या घडामोडींशी जाऊन भिडते.

ही वाढ नेमकी कशातून आली, हे पायोनिअर कंपनीतल्या डोनाल्ड डुविक या पैदासकाराने फार चिकाटीने तपासले. निरनिराळ्या दशकांत गाजलेले संकर त्याने एकाच शेतात शेजारी-शेजारी पेरले. दिसले असे, की एकटे-दुकटे, ऐसपैस जागेत वाढवले तर नवा संकर जुन्याहून फारसा भारी नसतो. दाटीत पेरले की फरक उघडा पडतो. जुना संकर दाटीत वांझ राहतो किंवा आडवा होतो, नवा उभा राहून कणीस धरतो. १९३०च्या दशकात हेक्टरी तीस हजारांच्या आसपास झाडे लावत. आता अमेरिकेत ती ऐंशी हजारांच्या घरात गेली आहेत. पैदासकारांनी अनेक दशके उतारा निवडला आणि त्यांच्या पदरात पडली ती दाटी सोसण्याची ताकद. यातला बहुतेक पल्ला उताऱ्याच्या जनुकांचा कोणताही नकाशा हाताशी नसताना गाठला गेला. पुढे नकाशाचा गवगवा झाला, तेव्हा अनेकांना याचा विसर पडला.

नकाशा मात्र तयार होत होता, दुसऱ्याच कामासाठी. इमर्सन १९१४मध्ये कॉर्नेल विद्यापीठात आला आणि त्याच्याभोवती विलक्षण मुले जमली: जॉर्ज बीडल, मार्कस ऱ्होड्स, चार्ल्स बर्नहॅम आणि बार्बरा मॅक्लिंटॉक. दाण्याचा जांभळा रंग, दाण्याचा मेणचट गाभा, पानाच्या बुडाशी असणारी जिव्हिका नसणे, असे डोळ्यांना दिसणारे गुण ते जोडीने तपासत. दोन गुण पुढच्या पिढीत बहुतेक वेळा बरोबरच गेले तर त्यांची जनुके एकाच गुणसूत्रावर जवळजवळ असणार. फारकत जितकी जास्त, तितके अंतर जास्त. डिसेंबर १९२८मध्ये न्यूयॉर्कला जनुकशास्त्रज्ञांची सभा भरली असताना इमर्सनने मक्यावर काम करणाऱ्यांना आपल्या हॉटेलच्या खोलीत बोलावले. एकत्र जाणाऱ्या जनुकांचे गट त्या बैठकीत वाटून दिले गेले. ज्याच्या वाट्याला जो गट, त्याने त्याची सगळी माहिती आणि बियाणे सांभाळायचे आणि मागेल त्याला द्यायचे. पुढे प्रसिद्ध न झालेल्या निष्कर्षांचे एक पत्रकही निघू लागले. त्यातली माहिती कर्त्याच्या परवानगीशिवाय छापायची नाही, एवढाच नियम. स्पर्धेच्या धंद्यात हा मोकळेपणा दुर्मीळ, आणि मक्याच्या नकाशाचा खरा पाया तोच आहे.

१९२९मध्ये मॅक्लिंटॉकने सूक्ष्मदर्शकाखाली मक्याची दहाही गुणसूत्रे वेगवेगळी ओळखून दाखवली. सर्वांत लांब ते एक, सर्वांत आखूड ते दहा. दोन वर्षांनी हॅरिएट क्रेटन हिच्याबरोबर तिने नवव्या गुणसूत्रावर सिद्ध केले, की जनुकांची अदलाबदल होते तेव्हा गुणसूत्रांचे तुकडेही खरोखरच बदलतात. कागदावरचा नकाशा आणि काचपट्टीवरचे गुणसूत्र यांचा मेळ बसला. १९३५मध्ये इमर्सन, बीडल आणि फ्रेझर यांनी तोवरचे सगळे ज्ञान एकत्र छापले.

या नकाशावर उतारा नव्हता, आणि तो त्यावर आणायचा तरी कसा? जांभळा दाणा पाहता क्षणी कळतो. एका झाडाचा उतारा मात्र जमिनीवर, पावसावर, शेजारच्या झाडाच्या सावलीवर अवलंबून असतो. युक्ती तशी जुनीच होती. कार्ल सॅक्स याने १९२३मध्ये घेवड्यात दाखवले होते, की बियांच्या रंगाचे जनुक कोणते आले त्यावरून बियांच्या वजनातही फरक पडतो. म्हणजे वजनाचे एखादे जनुक रंगाच्या जनुकाजवळ बसलेले असणार. दिसणाऱ्या खुणेवरून न दिसणाऱ्याचा पत्ता लावायचा. पण मक्यातल्या बहुतेक दिसणाऱ्या खुणा म्हणजे व्यंगे: खुजेपणा, पांढरटपणा, सुरकुतलेला दाणा. असली खूण अंगावर असलेल्या झाडाचा उतारा मोजून काय कळणार? खूणच उतारा बिघडवते. शिवाय एका संकरात अशा खुणा तीन-चारच ठेवता येत, आणि दहा गुणसूत्रांचा प्रदेश त्यांनी झाकणे शक्य नव्हते.

झाडाला धक्का न लावणाऱ्या खुणा हव्या होत्या. त्या नॉर्थ कॅरोलायनात, रॅली इथल्या राज्य विद्यापीठात तयार झाल्या. चार्ल्स स्टबर हा अमेरिकी कृषी खात्याचा जनुकशास्त्रज्ञ आणि त्याचा सहकारी मेजर गुडमन यांनी मक्याच्या एन्झाइमांवर काम सुरू केले होते. एकच एन्झाइम निरनिराळ्या झाडांत किंचित वेगळ्या घडणीचे असू शकते. काम दोन्ही रूपे तेच करतात, पण त्यांच्यावरचा विद्युत्भार थोडा निराळा असतो. कोवळा अंकुर वाटून त्याचा रस कागदाच्या बारीक पट्टीवर टिपायचा. बटाट्याच्या पिठुळाची, म्हणजे स्टार्चची, थरथरती लादी ओतून तिच्यात अशा पट्ट्या ओळीने खोचायच्या आणि लादीतून वीज सोडायची. काही तासांत एन्झाइमे आपापल्या भारानुसार कमी-जास्त अंतर सरकतात. मग लादीचे आडवे पातळ काप काढायचे आणि प्रत्येक काप वेगळ्या रंगद्रव्यात बुडवायचा. निळे-जांभळे पट्टे उमटतात. त्या पट्ट्यांच्या जागेवरून कळते, की या रोपाला ते जनुक आईचे मिळाले, बापाचे, की दोघांचे. रोप शेतात सुखाने वाढत असते.

एडवर्ड्स, स्टबर आणि वेंडेल यांनी दोन निरनिराळ्या संकरांची दुसरी पिढी पेरली. दोन्हींत सतराशेहून जास्त झाडे होती. प्रत्येक झाडाच्या सतरा-वीस खुणा तपासल्या आणि प्रत्येक झाडावर ब्याऐंशी मापे घेतली: उंची, पाने, तुरा, कणसाची लांबी आणि जाडी, ओळी, दाण्यांचे वजन, उतारा. १९८७मध्ये निबंध प्रसिद्ध झाले. उताऱ्यावर परिणाम करणारे भाग जवळपास जिथे जिथे खूण होती तिथे तिथे सापडले. बहुतेकांचा वाटा थोडा. काहींचा लक्षात येण्याजोगा. ईस्ट आणि इमर्सन यांनी कणसांच्या लांबीवरून जे ताडले होते, त्याला आता गुणसूत्रावरचे पत्ते मिळाले. अशा भागांना क्यूटीएल म्हणू लागले, आणि पैदासकारांच्या बोलण्यात तो शब्द आजही तसाच रुळलेला आहे.

आता खुणा वाढवायच्या होत्या. १९८६मध्ये युटातल्या एका खासगी कंपनीत काम करणाऱ्या टिम हेलेंटजॅरिस आणि सहकाऱ्यांनी थेट डीएनएवरच्या खुणांचा मक्याचा नकाशा छापला. डीएनए ठरावीक जागी कापणाऱ्या एन्झाइमांनी तुकडे पाडायचे आणि कोणाचा तुकडा लांब, कोणाचा आखूड ते किरणोत्सारी शोधकाच्या मदतीने एक्स-रे फिल्मवर पाहायचे. एन्झाइमांच्या खुणा डझन-दोन डझन मिळत. या हव्या तेवढ्या. १९८९मध्ये एरिक लँडर आणि डेव्हिड बॉटस्टाइन यांनी दोन खुणांच्या मधल्या पट्ट्यातही जनुक असण्याची शक्यता कशी मोजायची, त्याचे गणित दिले. लँडर मूळचा गणिती. स्टबरची शेते, हेलेंटजॅरिसच्या खुणा आणि लँडरचे गणित एकत्र आले, आणि १९९२चा तो निबंध जन्माला आला ज्याने अर्धी दुनिया ढवळून काढली.

त्यासाठी निवडलेली जोडी होती बी-७३ आणि एमओ-१७. बी-७३ हे कुळ आयोवा राज्य विद्यापीठाने १९७२मध्ये दिले. त्याचा उगम १९३०च्या दशकात जॉर्ज स्प्राग याने ताठ बुंध्याच्या सोळा कुळांची सरमिसळ करून बनवलेल्या एका वाणात आहे. एमओ-१७ मिसूरीचे, १९६४चे. या दोघांचा संकर अमेरिकेत प्रचंड क्षेत्रावर पिकला. स्टबरच्या गटाने त्यांच्या वंशातली २६४ कुळे घेऊन प्रत्येक कुळ पुन्हा दोन्ही आजोळघरांशी, बी-७३शी आणि एमओ-१७शी, फळवले. जनुकसंचाचा जवळपास सगळा विस्तार व्यापतील अशा ७६ खुणा तपासल्या आणि सहा ठिकाणी पिके घेतली.

निष्कर्ष चक्रावणारा होता. उताऱ्याचा क्यूटीएल जिथे जिथे सापडला, तिथे एका अपवादाखेरीज सगळीकडे मिश्र झाड, ज्याला एक प्रत बी-७३ची आणि एक एमओ-१७ची मिळाली आहे, दोन्ही शुद्ध झाडांहून सरस निघाले. शलच्या काळापासून वाद चालला होता, की संकराचा जोम येतो कुठून. एक पक्ष म्हणे, प्रत्येक कुळात काही दुबळी जनुके असतात आणि दुसऱ्या कुळाची सशक्त जनुके ती झाकतात. दुसरा म्हणे, मिश्रपणातच काही जादू आहे. पहिले खरे असेल तर सगळी सशक्त जनुके एकाच शुद्ध कुळात गोळा करून संकराची गरजच संपवता येईल. दुसरे खरे असेल तर ते कधीच जमणार नाही. १९९२चा निबंध दुसऱ्या पक्षाकडे झुकत होता.

स्टबरने याला अंतिम शब्द मानले नाही. पाचव्या गुणसूत्रावरच्या ज्या क्यूटीएलचा परिणाम मोठा दिसत होता, तो त्याच्या गटाने आणखी बारकाईने कापून पाहिला. १९९७मध्ये ग्रॅहम, वुल्फ आणि स्टबर यांनी दाखवले, की तो एक क्यूटीएल नव्हताच. शेजारी-शेजारी बसलेले दोन होते. एकाचे चांगले रूप बी-७३मध्ये, दुसऱ्याचे एमओ-१७मध्ये. दोन्ही जवळ असल्याने पिढ्यान्‌पिढ्या ती जोडी फुटत नव्हती, त्यामुळे मिश्र झाडालाच दोन्ही चांगली रूपे लाभत आणि दुरून पाहणाऱ्याला वाटे, की मिश्रपणाच सरस. त्या एका जागी तरी जुना, साधा पक्ष बरोबर ठरला. आपल्याच गाजलेल्या निष्कर्षाची शिवण आपणच उसवून पाहणे हे विज्ञानात जितके बोलले जाते तितके घडत नाही. इथे घडले.

तोवर क्यूटीएलची लाट आली होती. शे-दीडशे झाडांच्या पिकावर नकाशा काढायचा, चार-पाच मोठे क्यूटीएल जाहीर करायचे, अमुक क्यूटीएल उताऱ्याचा इतके टक्के फरक सांगतो असे लिहायचे. पायोनिअरमध्ये काम करणाऱ्या विल्यम बेव्हिस याला त्यात खोट दिसली. १९९४मध्ये त्याने संगणकावर कृत्रिम पिके घेतली. त्यात जनुके किती आणि प्रत्येकाचा परिणाम किती हे आधीच ठरवलेले होते. मग त्यांचा नकाशा काढून पाहिला. शंभर झाडांत बहुतेक जनुके सापडलीच नाहीत आणि जी सापडली त्यांचा परिणाम खऱ्याच्या कित्येक पट फुगलेला आला. पाचशे झाडांत फुगवटा बराच ओसरला, हजारांत जवळजवळ गेला. कारण समजायला सोपे आहे. लहान पिकात एखादे किरकोळ जनुक नशिबाने मोठे दिसले तरच ते उंबरठा ओलांडते, म्हणून उंबरठ्याच्या आत आलेली सगळीच फुगलेली असतात. जगभरातल्या शेकडो निबंधांना हा आरसा होता, आणि त्या दोषाला आज बेव्हिसचेच नाव आहे.

मक्यात मोठी जनुके नसतातच असे नाही. त्याच वर्षांत मिनेसोटात जॉन डोब्ली मक्याच्या रानटी पूर्वजावर, टिओसिंटेवर, काम करत होता. मेक्सिकोतले हे गवत झुडपासारखे फुटते. त्याच्या इवल्या कणसाला दोनच ओळी आणि दगडासारख्या कवचातले पाच ते बारा दाणे. या गवताचा मका किती जनुकांनी केला, या प्रश्नाकडे इमर्सनचा शिष्य बीडल निवृत्तीनंतर वळला होता. मका आणि टिओसिंटे यांच्या संकराची पन्नास हजार झाडे त्याने मेक्सिकोत वाढवली. पाचशेत साधारण एक झाड अगदी मक्यासारखे आणि पाचशेत एक अगदी टिओसिंटेसारखे निघाले. चार जनुके असती तर हे प्रमाण २५६त एक आले असते, पाच असती तर १०२४त एक. म्हणजे रूप पालटणारी मुख्य जनुके चार-पाच. डोब्लीच्या नकाशावर खरोखरच पाच ठळक प्रदेश दिसले. पहिल्या गुणसूत्रावरच्या प्रदेशातून टीबी-१ हे जनुक १९९७मध्ये हाती आले. ते झाडाच्या बाजूच्या फांद्या आवरून धरते. ते २०११मध्ये आणखी उलगडले. फरक जनुकाच्या आत नव्हता. जनुकापासून साठेक हजार अक्षरे दूर जाऊन बसलेला, जागा बदलणारा डीएनएचा एक तुकडा जनुकाचा आवाज वाढवत होता. असे जागा बदलणारे तुकडे असतात, हे मॅक्लिंटॉकने मक्यातच शोधले होते आणि १९८३मध्ये त्यासाठी तिला नोबेल मिळाले होते.

म्हणजे गवताचा मका करणारी जनुके मोजकी आणि दणकट होती. मेक्सिकोच्या बाल्सास खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीपासून ती टिपून ठेवली. ती आज प्रत्येक मक्यात सारखीच आहेत. दोन आधुनिक कुळांत जो फरक उरला आहे तो उरल्यासुरल्या असंख्य बारक्या जनुकांचा. नकाशा काढणाऱ्यांच्या वाट्याला ती आली.

त्यांना पकडायचे तर पीक मोठे हवे आणि वंश विविध हवेत. एडवर्ड बकलर, जेम्स हॉलंड, मायकेल मॅकमुलन आणि सहकाऱ्यांनी जगभरातून पंचवीस निरनिराळी कुळे घेतली, प्रत्येकाचा बी-७३शी संकर केला आणि प्रत्येक संकरातून दोनशे शुद्ध वंश काढले. एकूण पाच हजार. ऑगस्ट २००९मध्ये त्यांनी मका तुऱ्यावर केव्हा येतो याचा नकाशा छापला. त्यासाठी आठ पेरण्यांत मिळून जवळपास दहा लाख झाडे तपासली होती. एकही मोठे जनुक सापडले नाही. डझनावारी लहान लहान जनुके होती आणि त्यांचे परिणाम साध्या बेरजेने जुळत होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बी-७३चा पूर्ण जनुकसंच वाचून झाला: दोनशे तीस कोटी अक्षरे, बत्तीस हजारांच्या आसपास जनुके, आणि सुमारे पंच्याऐंशी टक्के भाग मॅक्लिंटॉकच्या त्या जागा बदलणाऱ्या तुकड्यांचा.

यातून पैदासकारांनी धडा घेतला तो असा, की जनुकामागे धावण्याचे सोडून द्यावे. नेदरलँड्सचा थिओ म्यूविसेन आणि ऑस्ट्रेलियाचे बेन हेज व माइक गोडार्ड यांनी २००१मध्ये जनावरांच्या पैदाशीसाठी सुचवले होते, की कोणती खूण महत्त्वाची हे ठरवूच नका. हजारो खुणा सगळ्याच एकदम गणितात घ्या, प्रत्येकीला तिचे लहानसे वजन द्या आणि बेरजेवरून वासरू निवडा. मक्यात रेक्स बर्नार्डो आणि जिआनमिंग यू यांनी २००७मध्ये ही पद्धत सरस ठरेल असे दाखवले. मोठ्या बियाणे कंपन्यांनी ती उचलली. आज रोप उगवण्यापूर्वीच दाण्याचा कण खरवडून त्याचा अंदाज बांधला जातो आणि नापसंत बी जमिनीत पडतच नाही.

तरीही जनुके एकेकट्याने शोधण्याचे काम थांबले नाही, आणि ते जिथे फळले ती जागा मोठी बोलकी आहे. उताऱ्याचा गुणाकार फोडून त्यातला एकच घटक धरला तर तो तुलनेने स्थिर असतो, आणि ओळींची संख्या सर्वांत स्थिर. पाऊस कमी पडला तर दाणे पोचट होतात, ओळी फारशा बदलत नाहीत. कोल्ड स्प्रिंग हार्बरमध्येच डेव्हिड जॅक्सनच्या प्रयोगशाळेत फिया-२ या जनुकाचा अभ्यास चालू होता. ते पुरते बिघडले तर कणीस चपटे आणि वेडेवाकडे होते, कारण कणसाच्या टोकाची वाढती पेशी-गादी आवरणारे कोणी उरत नाही. जॅक्सनच्या गटाने २०१३मध्ये दाखवले, की या जनुकाचे किंचित मंद रूप असेल तर कणीस बिघडत नाही, गादी थोडी रुंद होते आणि ओळी वाढतात. आणि ओळींचा नकाशावर आधीच सापडलेला एक क्यूटीएल म्हणजे हेच जनुक. दोन वर्षांनी चीनमधल्या संशोधकांनी चौथ्या गुणसूत्रावरचा आणखी एक ओळींचा क्यूटीएल गाठला. तिथेही फरक जनुकात नव्हता, त्याच्यापासून बऱ्याच अंतरावर असलेल्या-नसलेल्या बाराशे अक्षरांच्या तुकड्यात होता.

२०२२मध्ये चिनी गटांनीच केआरएन-२ प्रसिद्ध केले. हे जनुक बंद केले तर मक्याच्या ओळी वाढतात आणि शेतातल्या चाचण्यांत उतारा सुमारे दहा टक्क्यांनी वाढला. भातातले त्याचे भावंड बंद केले तर तिथेही आठेक टक्के वाढ. मेक्सिकोच्या आणि आशियाच्या शेतकऱ्यांनी, एकमेकांची गंधवार्ता नसताना, हजारो वर्षे कणसे आणि लोंब्या निवडता निवडता याच जनुकाला आवर घातला होता. मका आणि भात यांत अशा एकाच दिशेने निवडल्या गेलेल्या जनुकांच्या ४९० जोड्या त्या संशोधकांना सापडल्या.

अशा बातम्यांवर बकलर, हॉलंड आणि त्यांच्यासारख्या अनुभवी मंडळींनी २०२३मध्ये ‘नेचर’मध्ये जाहीर इशारा दिला. एखाद-दुसऱ्या ठिकाणी, एखाद्या हंगामात, मोजक्या झाडांवर मिळालेली वाढ ही उताऱ्याची वाढ म्हणून सांगू नये. अनेक वर्षे, अनेक ठिकाणी, शेतकरी लावतो त्या दाटीत, चालू वाणांच्या बरोबरीने पेरून दाखवावी. हे म्हणायला त्यांच्याकडे आकडे होते. एका मोठ्या बियाणे कंपनीने अनेक वर्षांत उताऱ्यासाठी सोळाशेहून अधिक जनुके तपासली होती; पुढे नेण्याजोगी शंभरात जेमतेम एक निघाली. त्या निकषांवर टिकलेल्यांपैकी एक झेडएमएम-२८. मक्याचेच हे जनुक जरा आधी आणि जरा जास्त चालू केले. चार वर्षे, पन्नासाहून अधिक ठिकाणी, कित्येक संकरांत पेरले. वाढ भरली तीन ते पाच टक्के.